मंडालेचा वेताचा चेंडू

मंडाले म्हटले की मराठी मनाला आधी तुरुंग आठवतो. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि तिचा बहुतेक काळ त्यांनी ब्रह्मदेशातल्या या शहरात काढला. १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' तिथेच पेन्सिलीने लिहून झाले. गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्या पुढाऱ्याची कर्मभूमी पुणे, पण त्याच्या ग्रंथाची जन्मभूमी मंडाले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

याच्या उलट दिशेनेही एक प्रवास झाला. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, तेव्हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपयालतसह हिंदुस्थानात आणले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीला नेऊन ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला थिबा पॅलेस १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. टिळकांचे जन्मगाव रत्नागिरी. म्हणजे थिबाच्या राजधानीत टिळक कैदी आणि टिळकांच्या जन्मगावी थिबा कैदी, अशी स्थिती काही वर्षे एकाच वेळी होती. दोन शहरांची अशी गाठ इतिहासात क्वचितच पडते.

या दोन कैदांपलीकडे मंडालेची आणखी एक ओळख आहे. ती मराठीत फारशी कोणी करून दिलेली नाही, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही तो विषय निवडला. ही ओळख एका चेंडूची आहे. वेताचा, पोकळ, हातात मावेल एवढा चेंडू आणि तो पायाने हवेत ठेवण्याचा खेळ. त्या खेळाचे नाव चिनलोन. आजकाल शहरांतली तरुण मुले मैदानाच्या कोपऱ्यात, गाणे लावून, एकट्याने फुटबॉल पायावर, मानेवर, डोक्यावर नाचवताना दिसतात. त्या प्रकाराला फ्रीस्टाइल फुटबॉल म्हणतात. तो खेळ की कला, असा वाद जगभर चालतो. ब्रह्मदेशाने त्या प्रश्नाला फार पूर्वीच आपले उत्तर देऊन ठेवले आहे. ते उत्तर आपल्याही उपयोगाचे आहे असे आम्हाला वाटते.

खेळ कसा असतो

'चिन' म्हणजे टोपली आणि 'लोन' म्हणजे गोल. वेताच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून चेंडू विणतात. विणीत पंचकोनी भोके राहतात. चेंडू वजनाला हलका असतो आणि पायावर नीट बसला की त्यातून टक्क असा कोरडा आवाज निघतो. जाणकार प्रेक्षक त्या आवाजावरून फटका साधला की हुकला ते डोळे मिटूनही सांगू शकतो.

सहा जणांचा संघ वर्तुळात उभा राहतो. एक जण मध्ये येतो, बाकीचे पाच त्याच्याभोवती सावकाश फिरत राहतात. मधला खेळाडू एकामागून एक करामती करतो. चेंडू त्याच्या हातून, खरे तर पायातून, बाहेर गेला की वर्तुळातला जवळचा खेळाडू तो पुन्हा त्याच्याकडे पोचवतो. चेंडूला स्पर्श करण्याच्या सहा जागा आहेत. चवड्याचा वरचा भाग, पावलाची आतली कड, बाहेरची कड, तळवा, टाच आणि गुडघा. या सहा जागांतून दोनशेहून अधिक चाली तयार झाल्या आहेत. त्यांतल्या कित्येक ब्रह्मी नृत्यातून आणि तिथल्या युद्धकलेतून आल्या आहेत. सर्वांत अवघड चाली पाठीमागे खेळायच्या असतात. चेंडू दिसत नाही, तरी टाच किंवा तळवा बरोबर त्याच्याखाली न्यायचा.

पाय कुठे लागला एवढेच पाहत नाहीत. हात कसे आहेत, मान कशी वळली, धड ताठ आहे की झुकले, चेहरा शांत आहे की ताणलेला, हेही पाहतात. चाल पुरी झाली पण अंगाची रेषा बिघडली, तर ती चाल साधली असे म्हणत नाहीत. आपल्याकडे कथकच्या बैठकीत समेवर येताना नर्तकीचा हात कुठे थांबतो हे रसिक पाहतात, तसाच हा प्रकार.

चेंडू जमिनीवर पडला तर काय होते? काहीच नाही. कोणी तरी तो उचलतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. समोर दुसरा संघ नाही, गोल नाही, जाळे नाही, गुण नाहीत. हरायला कोणी नाही, म्हणून जिंकायलाही कोणी नाही.

खेळाचा पोशाखही आपल्याला ओळखीचा वाटावा असा आहे. ब्रह्मी पुरुष लुंगीसारखे वस्त्र नेसतात. खेळताना त्याचा घोळ दोन पायांतून मागे घेऊन कमरेला खोचतात. आपण त्याला काचा मारणे म्हणू. खेळाच्या शब्दांतही एक ओळखीचा शब्द भेटतो. खेळता खेळता मन पूर्णपणे चेंडूवर स्थिर होते, आजूबाजूचे भान सुटते, त्या अवस्थेला तिथले खेळाडू 'झान' म्हणतात. हा पाली शब्द. आपण त्याला संस्कृतात ध्यान म्हणतो.

भाऊबंद

चिनलोन पंधराशे वर्षांचा जुना आहे असे ब्रह्मदेशात मानतात. पाऊल आणि चेंडू यांचे असे सख्य मात्र आशियाच्या पूर्वेकडे ठिकठिकाणी दिसते आणि त्या भावंडांची गोष्ट चिनलोनच्या गोष्टीवर प्रकाश टाकते.

चीनमध्ये त्सूजू नावाचा खेळ होता. त्याचा एक प्रकार गोल करण्याचा आणि दुसरा गोलाविना, केवळ कौशल्य दाखवण्याचा. या दुसऱ्या प्रकारात एकापासून दहापर्यंत माणसे चेंडू अंगावर झेलत, उडवत, खाली पडू न देता खेळत. सोंग राजवटीत हा खेळ शहरांत फोफावला. खेळाडूंच्या मंडळ्या निघाल्या, पैसे घेऊन खेळणारे कलावंत निघाले. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट हुइझोंगच्या दरबारात गाओ चिऊ नावाचा माणूस चेंडूच्या कौशल्यावर राजाच्या मर्जीत आला आणि मोठ्या पदावर चढला. पुढे मिंग वंशाच्या पहिल्या सम्राटाने सैनिकांना हा खेळ खेळायला बंदी केली. राजाच्या मर्जीवर वाढलेला खेळ राजाच्या इतराजीने खंगत गेला आणि पुढल्या शतकांत दिसेनासा झाला.

चीनमधून हा चेंडू जपानला गेला, तिथे त्याचे केमारी झाले. हरणाच्या कातड्याचा चेंडू, चार कोपऱ्यांना चार झाडे असलेले अंगण आणि आठ माणसे. इथेही हारजीत नाही. चेंडू शक्य तितका वेळ हवेत राहावा आणि दुसऱ्याला तो सहज घेता येईल असा द्यावा, एवढाच हेतू. केमारी दरबारी सरदारांच्या घराण्यांनी जपला. एकोणिसाव्या शतकात जुनी व्यवस्था मोडली, तेव्हा तोही जाण्याच्या वाटेवर होता. १९०३ मध्ये केमारी जतन करणारी संस्था स्थापन झाली, म्हणून तो टिकला. आज क्योतोच्या शिमोगामो देवस्थानात दर ४ जानेवारीला जुन्या दरबारी पोशाखात केमारी खेळतात. पण तो आता वर्षातून ठरावीक दिवशी पाहायचा सोहळा झाला आहे.

मलाया आणि थायलंडकडे वेताच्याच चेंडूने तिसरी वाट धरली. तिथेही आधी वर्तुळातच खेळत. विसाव्या शतकात मध्ये जाळे आले, दोन बाजू झाल्या, गुण आले. 'सेपाक' हा लाथेसाठी मलाय शब्द आणि 'तक्रॉ' हा विणलेल्या चेंडूसाठी थाई शब्द, असे जोडनाव घेऊन हा खेळ सेपाक तक्रॉ झाला. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत तो प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला आणि १९९० पासून तो आशियाई खेळांत पदकांचा खेळ आहे. २०१८ च्या आशियाई खेळांत भारताला यात पहिले पदक, कांस्य, मिळाले. भारताच्या संघांत मणिपूरचे खेळाडू पुष्कळ असतात. ब्रह्मदेशाची सरहद्द मणिपूरला लागून आहे हे लक्षात घेतले, तर त्याचे नवल वाटत नाही.

तीन भावंडांचे तीन मार्ग झाले. एक दरबाराच्या आश्रयाने वाढले आणि आश्रय जाताच सरले. दुसरे संस्थेने जतन केले, पण नित्याच्या जगण्यातून गेले. तिसऱ्याने स्पर्धेचे रूप घेतले आणि जोमाने वाढले, पण वर्तुळ मागे राहिले. चिनलोन या तिन्हींहून वेगळ्या वाटेने टिकला.

इंग्रजांचा फुटबॉल आणि स्वतंत्र ब्रह्मदेश

ब्रह्मदेशात इंग्रजी फुटबॉल आणण्याचे श्रेय सर जेम्स जॉर्ज स्कॉट यांना देतात. १८७९ च्या सुमारास रंगूनच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकवत असताना त्यांनी मुलांना तो शिकवला. लहानपणापासून वेताचा चेंडू पायावर खेळवणाऱ्या मुलांना चामड्याचा चेंडू अवघड गेला नाही. पण हळूहळू शाळा, पलटणी आणि क्लब यांचा मान चामड्याच्या चेंडूला मिळाला. वेताचा चेंडू गल्लीत, बाजाराच्या कडेला आणि देवळाच्या आवारात राहिला. आपल्याकडे क्रिकेट जिमखान्यात गेले आणि आट्यापाट्या, हुतूतू गल्लीत राहिले, तशीच ही वाटणी.

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. नव्या देशाला आपले म्हणून दाखवायला खेळ हवा होता. १९५३ मध्ये ऊ आ येइन यांनी चिनलोनचे नियम बांधले, नियमपुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी रंगूनमध्ये पहिली अधिकृत स्पर्धा झाली. चालींची नावे, त्यांचा क्रम, वर्तुळाचा आकार, खेळाडूंची संख्या हे सारे कागदावर आले.

याचा फायदा झाला हे मान्य करायला हवे. नियमांमुळे गावोगावची वेगवेगळी नावे एकमेकांना समजू लागली. शिकवणाऱ्याला काय आधी शिकवायचे ते कळले. पण नियमपुस्तक आल्यावरही बहुतेक ब्रह्मी माणसे चिनलोन गुणांसाठी खेळली नाहीत. संध्याकाळी काम उरकले की चौघे-सहा जण जमत, चेंडू काढत आणि अंधार पडेपर्यंत खेळत. हे चालू राहिले, कारण त्यांच्यापुढे मंडालेचा उत्सव होता.

महामुनीच्या आवारात

मंडालेत महामुनी बुद्धाचे मोठे देवालय आहे. १७८० च्या दशकात राजा बोदाव्पया याच्या सैन्याने ही मूर्ती आराकानातून आणली. भाविक पुरुष मूर्तीला सोन्याचा वर्ख लावतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वर्खाने तिचे अंग जाड झाले आहे. बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होतो. ब्रह्मी पंचांगात तो महिना वासो. या सुमारास महामुनीच्या आवारात चिनलोनचा उत्सव भरतो. तो महिनाभराहून अधिक चालतो आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून हजाराहून अधिक संघ येऊन खेळतात.

एवढे संघ येतात आणि क्रमांक कोणाचाच लागत नाही. प्रत्येक संघाला आपली वेळ मिळते. वर्तुळाच्या कडेला वाद्यवृंद बसलेला असतो. त्याला 'साइंग वाइंग' म्हणतात. त्यात गोलाकार मांडलेले ढोल, घंटा, झांजा आणि सनईच्या जातीचे एक वाद्य असते. वादक खेळाकडे पाहून वाजवतात. चाल अवघड होत गेली की ठेका चढतो, चेंडू पडला की उतरतो. खेळाडूही ठेका ऐकून पाय टाकतात. एक निवेदक चाल होताच तिचे नाव पुकारतो आणि मधून मधून कोट्या करून लोकांना हसवतो. दशावतारातला संकासुर किंवा तमाशातला सोंगाड्या ज्याने पाहिला आहे, त्याला या निवेदकाची जागा समजावून सांगावी लागणार नाही.

संघांत पुरुष असतात, बायका असतात, मुले असतात. सत्तरी ओलांडलेले खेळाडू वर्तुळात उभे राहतात आणि मधल्या तरुणाला चेंडू अचूक पोचवतात. बायकांचा एकटीने खेळण्याचा एक वेगळा प्रकारही आहे. त्यात चेंडू पायावर ठेवून दोरीवरच्या उड्या मारणे, कड्यातून अंग काढणे अशा करामती असतात. पूर्वी असे खेळ राजासमोर होत, आता सर्वांसमोर होतात.

ब्रह्मी भाषेत 'वाइंग' म्हणजे वर्तुळ. वाद्यवृंदाच्या नावात तो शब्द आहे आणि चिनलोनच्या वर्तुळालाही तोच शब्द आहे. आपल्या 'मंडळ' या शब्दाचा मूळ अर्थही तोच. चीनचा दरबार गेला, तसा थिबाचा दरबारही गेला. तरी चिनलोन राहिला, कारण त्याच्यापाशी दरबाराहून टिकाऊ असा आश्रय होता. दरवर्षी ठरल्या महिन्यात लोक आपणहून जमत आणि प्रत्येकाला तिथे जागा असे.

गुणफलक आला तेव्हा

डिसेंबर २०१३ मध्ये आग्नेय आशियाई खेळ म्यानमारच्या नव्या राजधानीत, नेपिडोत झाले. यजमान देशाने चिनलोनचा समावेश केला. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळे प्रकार ठेवले, ठरावीक वेळ ठेवली, पंच बसवले, पदके ठेवली. एका प्रकारात तीच चाल पुन्हा पुन्हा करायची, दुसऱ्यात एकही चाल पुन्हा करायची नाही. म्यानमारने बहुतेक सुवर्णपदके जिंकली. यजमानाने आपल्याला सोयीचा खेळ घुसवला अशी टीका शेजाऱ्यांनी केली आणि ती अगदीच खोटी नव्हती.

पण या निमित्ताने एक गोष्ट ठळकपणे दिसली. पंचांनी मोजण्याजोगे काय असते? चालींची संख्या, चालीची अवघड-सोपी पातळी, चेंडू किती वेळा पडला. मोजता न येणारे काय? संगीताशी जमलेला मेळ, निवेदकाच्या कोटीवर हसून पुन्हा साधलेले भान आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्तुळातल्या पाच जणांची मदत. चिनलोनमध्ये मधल्याचा पराक्रम पाच जणांच्या पायांवर उभा असतो. त्यांनी चेंडू एक वीत उंच किंवा एक वीत डावीकडे दिला तर मधल्याची चाल बिघडते. चांगला साथीदार स्वतः काहीच करून दाखवत नाही, तो फक्त चेंडू जिथे हवा तिथे ठेवतो. तबलजी गवयाला जशी साथ देतो, तशी ही साथ. गुणफलकावर तिच्यासाठी रकाना नसतो.

पश्चिमेचा एकटा खेळाडू

युरोपात हाच चेंडू वेगळ्या रस्त्याने रंगमंचावर आला. एनरिको रास्तेल्ली हा १८९६ मध्ये रशियातल्या समारा इथे जन्मलेला इटालियन. सर्कशीच्या घराण्यातला. चेंडू हवेत खेळवणाऱ्या कलावंतांत त्याचे नाव आजही पहिले घेतात. फुटबॉलएवढे मोठे चेंडू डोक्यावर, खांद्यावर, पायावर एकाच वेळी नाचवणे हे त्याचे वैशिष्ट्य. युरोपातल्या मोठमोठ्या नाट्यगृहांत त्याचे खेळ होत. १९३१ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो बेर्गामोत वारला.

त्यानंतर चेंडूची ही करामत मैदानाच्या कडेला दिसू लागली. अर्जेंटिनात लहानगा दिएगो मॅराडोना आर्जेंटिनोस ज्युनियर्सच्या सामन्यांच्या मध्यंतरात चेंडू उडवून प्रेक्षकांची करमणूक करी. पुढे १९ एप्रिल १९८९ ला म्युनिकमध्ये, बायर्न विरुद्ध नापोली या युएफा चषकाच्या उपांत्य सामन्याआधी अंग मोकळे करताना, मैदानावर लागलेल्या गाण्याच्या तालावर तो चेंडू खेळवत नाचला. त्या काही मिनिटांचे चित्रण सामन्याहून अधिक लोकांनी पाहिले असेल. बुटांच्या नाड्या सुटलेल्या, लक्ष कोणाकडेच नाही आणि ठेका पायात.

इंटरनेट आल्यावर जगभरातली मुले असे तुकडे पाहून शिकू लागली. प्रकार ठरले. उभ्याने पायावर करायच्या चाली, डोके-मान-खांद्यावरच्या चाली आणि बसून करायच्या चाली. पायावर उडवलेल्या चेंडूभोवती त्याच पायाने फेरी घालून तो पुन्हा झेलणे, ही 'अराउंड द वर्ल्ड' नावाची चाल तर या विद्येची बाराखडी झाली. २००८ मध्ये साओ पावलोत एका पेयकंपनीने भरवलेली पहिली मोठी जागतिक स्पर्धा झाली आणि ती फ्रान्सच्या शॉन गार्निएने जिंकली. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहतात, तीन मिनिटांत आळीपाळीने आपली करामत दाखवतात आणि पंच कौल देतात. ताबा, अवघडपणा, कल्पकता आणि शैली यांचा विचार होतो. २०१२ च्या लेच्चे इथल्या स्पर्धेत स्त्रियांचा गटही होता, त्यात हंगेरीची किट्टी सास विजेती ठरली.

या मुलांची मेहनत पाहिली की त्यांच्याविषयी आदरच वाटतो. एकेका चालीसाठी महिनोन्‌महिने एकट्याने घाम गाळायचा, तेही बहुधा कोणी शिकवणारा नसताना. पण चिनलोनशेजारी ठेवून पाहिले की एक फरक लगेच जाणवतो. तिथे सहा जण होते, इथे एकच आहे. तिथे चेंडू चुकला तर उचलून देणारा हात होता, इथे चूक झाली की समोरचा पुढे जातो. खेळाडूंना स्वतःलाही हे उमगले आहे. स्पर्धा संपल्यावर ते चार-सहा जण गोल करून एकमेकांना चेंडू देत खेळतात, तेव्हा तिथे कोणी गुण मोजत नाही. वर्तुळ पुन्हा आपोआप तयार होते.

आपला मल्लखांब

आम्ही ग्वाल्हेरकरांना हा प्रश्न परका नाही. मल्लखांब ही मुळात कुस्तीगिराची तयारी. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या उत्तरकाळात तिला नवे रूप दिले असे परंपरा सांगते. पुढे आखाड्याआखाड्यांतून ती प्रात्यक्षिकाची कला झाली. उत्सवात, मिरवणुकीत, संमेलनात खांब उभा राहायचा आणि मुले त्यावर चढायची. १९६२ मध्ये ग्वाल्हेरच्याच राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेचा भाग झाला. १९८१ च्या जानेवारीत उज्जैनला त्याची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१३ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्याला राज्यखेळाचा दर्जा दिला. चिनलोन नेपिडोत पदकांसाठी खेळला गेला तेही हेच वर्ष.

स्पर्धेने मल्लखांबाचे भले केले. आज मुलींची संख्या वाढली, दोरीचा मल्लखांब बहरला, प्रमाणपत्रांना किंमत आली, शाळा दारे उघडू लागल्या. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच बरोबर उत्सवातला मल्लखांब कमी झाला. पूर्वी गणपतीपुढे ज्याला जेवढे येई तेवढे तो करी. पहिल्या सलामीवर घसरणाऱ्या पोराला टाळ्या मिळत आणि निष्णात मुलगा त्याच्याच मागोमाग खांबावर चढे. आता क्रमांक येण्याजोगी मुलेच पुढे येतात. बाकीची खुर्चीत बसून पाहतात.

मल्लखांबापुरतेच हे नाही. आपल्या दहा दिवसांचा कार्यक्रम काढून पाहा. रांगोळी स्पर्धा, पाककला स्पर्धा, वेशभूषा स्पर्धा, गायन स्पर्धा, अथर्वशीर्ष पठण स्पर्धा. बक्षिसे लागतात, देणगीदार मिळतात, पालक येतात. मंडळ चालवणाऱ्याला ही सोय कळते आणि आम्हालाही ती कळते. पण ज्या मुलाला तीन वर्षांत एकदाही क्रमांक मिळाला नाही, ते चौथ्या वर्षी येत नाही, हेही आम्ही पाहतो. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या मंडळाला एकेक मूल दुरावणे परवडणारे नाही. आपली भाषा त्यांच्या कानावर पडण्याची जागा अनेकदा हा मांडवच असतो.

वर्तुळ पुन्हा उभे राहावे म्हणून

२८ मार्च २०२५ रोजी मंडालेच्या परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. महामुनीच्या देवालयाच्या वास्तूचीही मोठी पडझड झाली. त्याआधी चार वर्षांपासून, लष्कराने फेब्रुवारी २०२१ मध्ये सत्ता हाती घेतल्यापासून, देश यादवीत होरपळतो आहे. ज्या आवारात हजार संघ जमत, त्या शहराने सहन केले ते शब्दांत मावणारे नाही.

तरीही चिनलोन संपेल असे वाटत नाही, कारण त्याला लागते फार थोडे. वेताचा एक चेंडू, सपाट जमीन आणि एकमेकांकडे लक्ष असलेली सहा माणसे. महाल लागत नाही, प्रायोजक लागत नाही, पंच लागत नाही. दरबार बुडाला, परकी राजवट आली आणि गेली, खेळ उरला तो या साधेपणामुळे. मदत देणारा आणि कौतुक मिळवणारा यांची जागा त्यात सतत बदलत असते. आज जो मध्ये आहे, तो उद्या कडेला उभा राहून दुसऱ्याला चेंडू देतो. म्हणून कोणी वर्तुळ सोडून जात नाही.

टिळकांनी उत्सव चौकात आणला तोही माणसे एकत्र यावीत म्हणून. सुरुवातीच्या काळातले मेळे, लेझमीची पथके, आखाड्यांची प्रात्यक्षिके यांत भाग घेणे हाच मान होता. तो मान परत आणायला मोठा खर्च लागत नाही. दहा दिवसांतली एक संध्याकाळ बिनबक्षिसाची ठेवावी. त्या दिवशी मल्लखांबाचा खांब रोवावा, लेझीम काढावी, कोणाला पायावर चेंडू नाचवता येत असेल तर त्याला मांडवात बोलवावे, ढोल-ताशावाल्यांना त्याच्या ठेक्यावर वाजवायला सांगावे. निवेदक असावा, पण पंच नसावा. ज्याचा चेंडू पडेल त्याला जवळच्याने तो उचलून द्यावा.

स्पर्धा चालू राहोत, बाकीच्या नऊ दिवसांत त्यांना भरपूर जागा आहे. एका संध्याकाळची ही सूचना मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही यंदाच ठेवणार आहोत. वाचकांनीही आपापल्या मंडळांत ती मांडावी, अशी विनंती आहे.

गणपती बाप्पा मोरया!